टाकीवरचं शेंदराचं बोट

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर तारीख लिहीत होते, तेवढ्यात शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि काही न बोलता उभाच राहिला. एरवी हा माणूस व्हरांड्याच्या टोकापासून ओरडत येतो. त्याला गप्प बघूनच मी खडू खाली ठेवला. सोलापूरहून फोन होता. बार्शी ते सोलापूर अंतर ते काय, पण वहिनीचा आवाज त्या दिवशी विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. "शकू, हे गेले गं," एवढंच ती म्हणाली, आणि मग फोन कुणीतरी दुसऱ्यानं घेतला. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गिरणीच्या ऑफिसात टेबलाशी बसल्या बसल्या छातीला हात लावून वाकला. सोबतच्या लोकांनी त्याला जीपमध्ये घालून तडक दवाखान्यात नेलं. जीप वाटेत कुठंही थांबली नाही. तरी दादा गेला... जीप न थांबल्याचं मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्या घरात गाडी थांबणं आणि न थांबणं या साध्या गोष्टी राहिलेल्या नाहीत, आणि मी आज लेखणी उचलली ती त्याचसाठी.

सोलापुरात दादाला ओळखणारे खूप. जुन्या मोडक्या गाड्या मुळात होत्या तशा पुन्हा उभ्या करणारा, नादिष्ट, हौशी, हसतमुख. शोकसभेतही सगळे हेच बोलले. एक गृहस्थ म्हणाले, "त्यांना गाड्यांचा लहानपणापासून शौक होता." मी मागे सतरंजीवर बसले होते, आणि खरं सांगते, त्या दुःखातही माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शौक कसला! लहानपणी दादाला गाडीपेक्षा विहिरीत पोहायला आवडायचं. गाडी त्याच्या आयुष्यात शौक म्हणून आली नाही. ती कशी आली ते आता सांगायला हवं, कारण सांगू शकणारी मी एकटीच उरले आहे.

आमचे वडील, अप्पा, माढ्याला डॉक्टर होते. शेतकऱ्याच्या घरातले पहिले शिकलेले. आसपासच्या खेड्यांतून रात्री-बेरात्री बोलावणी यायची, म्हणून त्यांनी कुर्डुवाडीच्या एका निवृत्त होणाऱ्या रेल्वेच्या साहेबाकडून एक जुनी विलायती गाडी घेतली. बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची, मोठाल्या गोल दिव्यांची. तिचं इंग्रजी नाव माझ्या तोंडी कधी नीट बसलं नाही. अप्पा तिला 'थोरली' म्हणत. आई पदर तोंडाला लावून विचारायची, "मंग मी काय धाकली व्हय?" अप्पा म्हणायचे, "तूच ठरव." आईला थोरलीचा हेवा वाटायचा आणि तिचं कौतुकही आईलाच जास्त. दसऱ्याला गाडीची पूजा करायचा मान ती कुणाला देत नसे. तिच्या माहेरचा रिवाज असा, की लाकडाच्या वस्तूला हळदकुंकू आणि लोखंडाच्या वस्तूला करडईच्या तेलात कालवलेला शेंदूर. लोखंड मारुतीचं असतं, असं ती म्हणायची. मग विळी, अडकित्ता, शिवणाचं मशीन, दादाची सायकल, अप्पांचा औषधाचा पत्र्याचा पेटारा, सगळ्यांवर तिचं शेंदराचं बोट उमटायचं. थोरलीवर तर ती जागा सोडत नसे. पुढच्या, इंजिनावरच्या टोपावर, दिव्यांच्या कडांवर, चारी चाकांवर, आणि शेवटी मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर एक ठसठशीत टिळा. "हितनं पितीया की ती," ती म्हणायची. "तोंडाला नगं व्हय लावाया?"

त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर आठवडाभरानं एका सकाळी अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. स्वतः डॉक्टर, त्यामुळं काय होतंय हे त्यांना आमच्या आधी कळलं. "सोलापूर," एवढंच म्हणाले. दादा तेव्हा कॉलेजात जाणारा. गाडी चालवायला शिकून त्याला फार दिवस झाले नव्हते, पण हात चांगला बसला होता. टाकी त्यानं आदल्याच दिवशी काठोकाठ भरून आणली होती. आई मागच्या सीटवर अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी खाली पायांशी. दादा जपून, पण जोरात चालवत होता. खड्डा आला की "अप्पा, हां..." असं म्हणायचा. मोहोळ मागे पडलं. आता काय, पोचलोच, असं वाटायला लागलं आणि थोरलीनं एक आचका दिला. मग दुसरा. मग ती अडखळत, दम लागल्यासारखी थोडी पुढं गेली आणि एका लिंबाच्या झाडाशी थांबली.

मी तिथं होते. म्हणून ठामपणे सांगते, दादा घाबरला नव्हता. त्यानं टोप उघडला, तारा हलवून बघितल्या, प्लग काढून पुसले, नळी फुंकली. हँडल मारून मारून त्याच्या तळव्याची सालं निघाली. एका शब्दानं ओरडला नाही. मधेच येऊन अप्पांच्या कपाळाला हात लावायचा आणि पुन्हा जायचा. ट्रक येईल, एसटी येईल म्हणून आई रस्त्याकडे बघत होती. एक बैलगाडी आली, गाडीवान खाली उतरून उभा राहिला, त्यालाही काय करावं कळेना. अखेर एक ट्रक आला, पण तोवर अप्पा... आईनं त्यांचा चष्मा काढून स्वतःच्या ओच्यात ठेवला. त्यावरून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी आमचे काका एका ड्रायव्हरला घेऊन गाडी आणायला गेले. ड्रायव्हरनं हँडल मारलं आणि थोरली पहिल्या झटक्याला सुरू झाली. सुरळीत माढ्याला आली, दारात उभी राहिली. काकांनी ओट्यावर बसलेल्या सगळ्या माणसांदेखत सांगितलं, "गाडीत काहीसुद्धा बिघाड न्हाई. पोरगं गडबडलं." झालं! त्या दिवसापासून दादाचं नाव असं पडलं, की बापाच्या वेळेला हा गडबडला. लग्नाकार्यात, बारशाला, कुठंही चार नातेवाईक जमले की कुणीतरी हळू आवाजात ते सांगायचंच. दादाला ऐकू जाईल इतपत हळू.

थोरलीला नंतर कुणी हात लावला नाही. दादाला सोलापूरला गिरणीत नोकरी लागली, आम्ही सगळे तिकडं आलो, आणि गाडीही ट्रकमागं दोर बांधून आणली. विकावी असं काका म्हणाले, तर आई नको म्हणाली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी राहिली. दादा सायकलनं कामावर जायचा. दरवर्षी दसऱ्यानंतर अप्पांची तिथी यायची. जेवणं उरकली, ब्राह्मण गेले, की आई जोत्यावर बसून एकच प्रश्न विचारायची. रागानं नाही, भांडणासाठी नाही. खरंच कळत नसल्यासारखी विचारायची. "टाकी भरल्याली व्हती. गाडी धडधाकट व्हती. मंग थांबली कशी रं?" दादा म्हणायचा, "कळत नाही, आई." आणि उठून जायचा. इतकी वर्षं तोच प्रश्न, तेच उत्तर.

दुष्काळाच्या सालानंतर कधीतरी, सणवार नाही, कुणी काही बोललेलं नाही, एका रविवारी दादानं ताडपत्री काढली. तोवर त्याचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, मीही बार्शीला नांदत होते. वहिनी सांगते, ताडपत्रीखालून उंदरांची दोन कुटुंबं निघाली. सीटचा काथ्या त्यांनी घरट्यांना वापरला होता. दादानं आपल्या ओळखीचे मेकॅनिक रफीकभाई यांना बोलावलं आणि दोघं कामाला लागले. दादाची पद्धत अशी, की काढलेला प्रत्येक भाग काढल्या क्रमानं एका जुन्या चादरीवर मांडायचा आणि प्रत्येकाला गिरणीतल्या सुताचा तुकडा बांधायचा. चादर भरली की दुसरी चादर. घरात पाहुण्यांना पांघरायला चादर उरली नाही. वहिनीनं एकदा स्वयंपाकाच्या पातेल्यात हात घातला तर आत रॉकेलमध्ये गाडीची जाळी भिजत पडलेली. "ह्यांना जेवायला काय वाढू, नटबोल्ट?" असं ती मला विचारायची, आणि दादा मागून, "चिंचेची चटणी असेल तर चालेल," म्हणायचा. इतक्या वर्षांनी मी त्याला घरात असं हसताना बघत होते.

त्याचा हट्ट एकच. जसं होतं तसं. छताचं आतलं कापड जिथं धड राहिलं होतं तिथला हातभर तुकडा घेऊन तो पूर्व भागातल्या विणकरांकडे, एका मागावर गेला आणि तशाच विणीचं, तशाच रंगाचं कापड विणून घेतलं. दिव्याची एक कडा हरवली होती, तिच्यासाठी पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. रफीकभाई म्हणायचे, "साहेब, दुसऱ्या गाडीची बसतीय की, कोण बघतंय?" दादा म्हणायचा, "ती बघती." ती म्हणजे थोरली. हळूहळू त्याचं नाव झालं. शहरातल्या एका कंत्राटदारानं आपल्या आजोबांची गाडी आणून दिली, मग कुणा जमीनदाराची आली. दादानं त्या आवडीनं केल्या, कुणाकडून काही घेतलं नाही. नोकरी सांभाळून, रविवारी. त्या दोन गाड्या झाल्याही, रस्त्यावर धावायला लागल्या. थोरली मात्र संपत नव्हती. मला तेव्हा वाटायचं, की ती त्याला संपवायचीच नाहीये. आता कळतं, तो गाडी दुरुस्त करत नव्हता. तो आईचा प्रश्न सोडवत होता.

एका वर्षी अप्पांच्या तिथीला मी माहेरी गेले होते. थोरलीचं काम बरंच पुढं गेलं होतं. जेवणं झाली, आई जोत्यावर बसली, आणि तिनं विचारलं, "टाकी भरल्याली व्हती, गाडी धडधाकट व्हती. मंग थांबली कशी रं?" दादा सुपारी कातरत होता. त्यानं अडकित्ता खाली ठेवला. म्हणाला, "माझंच चुकलं आई. मला चालवता आली नाही. मी गडबडलो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ल्हान व्हतास रं तू. व्हायचं ते झालं." आणि त्यानंतर तिनं तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मरेपर्यंत नाही. मी मात्र त्याला मागच्या अंगणात गाठला. म्हटलं, मी गाडीत होते दादा, तू अजिबात गडबडला नव्हतास, काकांचं बोलणं स्वतःच्या तोंडानं कशाला बोलतोस? तो म्हणाला, "शकू, झोपेल ती आता नीट." आणि हौदावर जाऊन तोंड धुवायला लागला. मी चिडून त्याच दिवशीच्या एसटीनं बार्शीला परतले.

पुढच्या दसऱ्याला थोरली सुरू झाली. रंग तोच, बाटलीच्या काचेचा. सगळी गल्ली जमली होती. आई आता वाकून चालायची, पण शेंदराची वाटी तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. टोपाला, दिव्यांना, चाकांना तिचं बोट लागलं. मागे गेल्यावर मात्र ती जरा थांबली. टाकीकडे बघून म्हणाली, "हे झाकान येगळं दिसतंय." दादा म्हणाला, "जुनं गंजलं होतं आई, हे नवीन करून घेतलं. लाव की." ती म्हणाली, "नवं हाय, खराब हुईल." तेव्हा दादानं तिचं मनगट धरून तिचं बोट स्वतः त्या झाकणावर टेकवलं. "हितनं पिती की ती," म्हणाला. "तोंडाला नको?" आई हसली. मला अगदी आठवतं, आई हसली आणि दादानं तोंड फिरवलं. तो रडत होता. मला वाटलं, गाडी सुरू झाली म्हणून...

त्या झाकणावरून पुढं दादाला बरंच ऐकावं लागलं. जुन्या गाड्यांचे शौकीन पुण्याहून, मुंबईहून थोरली बघायला यायचे. सगळं बघून खूष व्हायचे आणि मागे गेले की नाक मुरडायचे. झाकण मूळचं नव्हतं. मूळचं चपटं, मधोमध बारीक भोकाचं. हे लेथवर करून घेतलेलं, वरून सपाट बंद, आणि भोक बाजूला, कडेखाली, बघूनही दिसणार नाही असं. एक गृहस्थ तर म्हणाले, "सगळं इतकं अस्सल केलंत आणि एवढ्यात कमी पडलात! मी देतो पाठवून मूळचं." जसं होतं तसं म्हणून हट्ट धरणारा माझा भाऊ नुसता हसला. म्हणाला, "राहू द्या. आमच्या घरात हेच लागतं."

थोरलीतून त्यानं सगळ्यांना फिरवलं. कंबर तलावाला, होटगी रोडला, मुलांना घेऊन अक्कलकोटपर्यंत. पण मोहोळच्या रस्त्याला तो कधी गेला नाही. एकदा मी म्हटलं, "दादा, माढ्याला जाऊन येऊ या की थोरलीतनं. अप्पांचा दवाखाना बघू." म्हणाला, "जाऊ की." पण गेला नाही. मग आई गेली, झोपेतच. सकाळी चहाला उठली नाही एवढंच. तिला स्मशानात पोचवून आल्यावर दादा बराच वेळ शेडमध्ये जाऊन बसला होता. आणि आता दोन वर्षांत तोही गेला. अप्पांच्या वयालाही पोचला नाही.

तेराव्यानंतर, पाहुणे पांगले तेव्हा रफीकभाई आले. दारातच चपला काढून उभे. वहिनी आणि मी खाली बसलो होतो. ते म्हणाले, "ताई, मला साहेबांनी शपथ घातली होती. म्हणाले, माझ्या गळ्याची शपथ आहे, कुणाला बोलायचं न्हाई. आता ज्याची शपथ त्योच न्हाई राहिला. मी काय करू, सांगा." आम्ही दोघी त्यांच्या मागोमाग शेडमध्ये गेलो. त्यांनी खिळ्याला टांगलेली एक फडक्याची पुरचुंडी काढली. आत थोरलीचं जुनं झाकण होतं. चपटं, मधोमध बारीक भोकाचं. त्यांनी ते उजेडात धरलं आणि म्हणाले, "बघा, उजेड येतो का आरपार." आला नाही. भोकात काहीतरी घट्ट बसलेलं होतं. लालसर.

रफीकभाईंनी आम्हाला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "इंजिन पेट्रोल ओढतं ना ताई, तेवढी हवा टाकीत यावी लागती. त्यासाठी झाकणाला हे भोक. हे बुजलं की टाकी भरलेली असू दे, पेट्रोल पुढं सरकत न्हाई. गावातल्या गावात काही कळत न्हाई. लांब गेलं की गाडी गुदमरती, बंद पडती. आणि मग उभी राहिली की कुठनं तरी आत हवा शिरती. दुसऱ्या दिवशी बघा, चालू. जसं काही झालंच न्हाई." मग झाकणावरून अंगठा फिरवत म्हणाले, "तेल आणि शेंदूर... नळवाले सांध्याला हेच भरतात ताई. वारासुद्धा जात न्हाई त्यातनं. दर दसऱ्याला थर चढत गेला, त्या वर्षी भोक पुरतं बुजलं असणार."

वहिनीनं माझा हात धरला. मी विचारलं, दादाला कधी कळलं? तर म्हणाले, टाकी साफ करायला काढली तेव्हा. झाकण तोंडाला लावून फुंकलं, फुंक जाईना. दादानं टाचणीनं टोकरलं, तर तळव्यावर लाल भुकटी पडली. त्यानं ती बोटानं चोळून बघितली, वास घेतला आणि उलट्या डब्यावर बसला. "त्या दिवशी हे झाकण नुसतं उघडून लावलं असतं, तरी गाडी चालू झाली असती," एवढं म्हणाला. टाकी स्वतः भरलेली, मग उघडून कोण बघणार? तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, "चहा निवतोय रं, या की दोघं बी." दादानं मूठ मिटली. म्हणाला, "रफीकभाई, माझ्या गळ्याची शपथ आहे." आणि पंच्याला हात पुसून चहाला गेला.

"आई गेल्यावर मी म्हटलं होतं साहेबांना," रफीकभाई सांगत होते. "आता तरी बहिणीला सांगा. तुमच्यावरचा बट्टा जाईल. तर म्हणाले, जिवंत होती तेव्हा तिला सांगितलं नाही, आता ती उत्तरसुद्धा देऊ शकत नाही, तेव्हा तिच्यावर घालू?"

मी तिथंच जमिनीवर बसले. मला आधी दादाचा राग आला, इतका की तो समोर असता तर मी त्याला गदागदा हलवलं असतं. अरे, वीस वर्षं तू कळत नाही म्हणालास. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी चूक तुझी नाही हे कळलं, आणि नेमकं तेव्हाच तू 'माझंच चुकलं' म्हणालास? काकांचे शब्द स्वतःच्या तोंडात घालून घेतलेस? ज्याच्यासाठी चादरीवर नटबोल्ट मांडत बसलास, ते उत्तर मिळाल्यावर ते फडक्यात बांधून खिळ्याला टांगलंस? आणि वर लेथवर झाकण करून घेतलंस. आईला "टाकीला लावू नको" एवढं म्हटलं असतंस तरी काम झालं असतं. पण ती का म्हणून विचारेल. विचारून गप्प बसणाऱ्यातली नव्हती ती, आणि कधीतरी, विळीवर बोट फिरवताना, तिचं तिला कळेल. म्हणून तू भोकच बाजूला सरकवलंस... आईचा शेंदूर जिथल्या तिथं राहिला.

हे मी छापायला देते आहे, ते दादाला आवडलं नसतं. मला ठाऊक आहे. रोज मनाशी भांडून मी हे लिहिलं आहे. पण आमचे काका अजून आहेत, थकले आहेत, आणि वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. हेही वाचतील. काका, गाडीत बिघाड होता. तुमचं पोरगं गडबडलं नव्हतं. आणि आईचीही चूक नव्हती. तिनं ज्या मायेनं आमच्या विळीवर, पेटाऱ्यावर, सायकलीवर बोट टेकवलं त्याच मायेनं तिथंही टेकवलं. तिला ठाऊक नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. दोष कुणालाच द्यायचा नाही. फक्त इतकी वर्षं जो माझ्या भावाला दिला, तेवढा परत घ्या. शिवाय दादाची जीप कुठंच थांबली नव्हती, तरी तो गेला. अप्पांचंही कदाचित तसंच असेल. नसेलही. हे आता कुणी सांगू शकत नाही, आणि दादाही ते जाणत असणार.

गेल्या रविवारी मी सोलापूरला गेले आणि रफीकभाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, थोरली काढा, मोहोळच्या रस्त्याला जायचंय. वहिनी म्हणाली, मीही येते. निघण्याआधी मी देवघरातून आईची शेंदराची वाटी आणली. पूजेचं करडईचं तेल होतंच. कालवून वाटी वहिनीपुढं धरली. ती दोन पावलं मागे सरली. तिचं कपाळ मोकळं होतं, त्याकडे माझं लक्ष जायला नको म्हणून तिनं पदर पुढं ओढला. "मी कसं लावू गं?" म्हणाली. "तू लाव." मी म्हटलं, "वहिनी, हे लोखंडाला आहे. आईच्या माहेरचा रिवाज आहे, त्यात तुला कुणी मना केलेलं नाही. आणि हे झाकण त्यानं ह्याचसाठी केलंय." तिनं वाटीत बोट बुडवलं. मागे जाऊन, वाकून, त्या सपाट झाकणावर मधोमध एक टिळा लावला आणि बोट बराच वेळ उचललंच नाही.

रफीकभाईंनी हँडल मारलं. मी मागच्या सीटवर बसले, आई बसली होती त्या जागी. वहिनी माझ्याशेजारी. गाव मागे पडलं, दुतर्फा ज्वारीची रानं लागली. ते लिंबाचं झाड मी लांबूनच ओळखलं. आता जरा वाढलंय, बुंध्याला पांढरा पट्टा मारलाय. रफीकभाईंना ठिकाण ठाऊक नव्हतं, आणि मी त्यांना सांगणार होते की तिथं थांबवा, उतरून हात जोडू. तसं घरून ठरवूनच निघाले होते. झाड जवळ आलं, खिडकीशी आलं, मागे गेलं. मी काही बोलले नाही. थोरली एका लयीत चालत राहिली. वहिनीनं विचारलं, "कुठं गं ते?" मी म्हटलं, "गेलं मागे." आणि मोहोळ येईपर्यंत तिचं शेंदराचं बोट मी हातात धरून ठेवलं होतं.